सही, निवड आणि चावी: सांस्कृतिक संस्थेत स्त्रियांचे नेतृत्व प्रत्यक्षात कसे आणायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातली नाटक आणि संगीत दोन्ही करणारी जुनी संस्था, सभासद दीडशेच्या आसपास, त्यात निम्म्याहून जास्त स्त्रिया. कार्यक्रमांची बहुतेक धावपळ त्याच करतात. तरीही ११ जणांच्या कार्यकारिणीत एकच स्त्री आहे आणि तीही ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून. पुढच्या वर्षी निवडणूक आहे. अशा वेळी वेगळी महिला आघाडी काढावी की ८ मार्चचा कार्यक्रम मोठा करावा, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत, दोन्ही करू नका. महिला आघाडी निघाली की संस्थेतल्या सगळ्यात कर्तबगार बायका तिकडे वळतात. त्यांच्या वाट्याला हळदीकुंकू, मंगळागौर आणि पाककृती स्पर्धा येतात. यंदा नाटक कोणते करायचे, गायक कोणाला बोलवायचे, अनुदानाचा अर्ज कोण भरणार हे मुख्य कार्यकारिणी पूर्वीसारखेच ठरवत राहते. नेतृत्व कोणाकडे आहे ते तीन ठिकाणी दिसते: धनादेशावर सही कोणाची, संहिता आणि कलाकार निवडते कोण, आणि कार्यालयाची चावी कोणाकडे. या तीन जागा बदलल्या तर बाकीचे बदलते. या तशाच ठेवून अध्यक्षपदी एखाद्या ज्येष्ठ बाईंना बसवले तर त्यांना उद्घाटनाला दीप लावण्यापलीकडे काम उरत नाही.

सुरुवात मोजणीने करा. मागच्या तीन वर्षांची इतिवृत्ते, हिशेबाची व्हाउचरे आणि कार्यक्रमपत्रिका घेऊन दोघी-तिघींनी एक रविवार बसायचे. प्रत्येक कार्यक्रमापुढे लिहा: कल्पना कोणी मांडली, मंजूर कोणी केली, खर्चावर सही कोणाची, प्रत्यक्ष राबले कोण. दुसऱ्या कागदावर रंगमंचावरचा हिशेब: मुख्य कलाकार, साथीदार, दिग्दर्शक, प्रकाशयोजना, निवेदन, स्वागत, आणि प्रत्येकाला दिलेले मानधन. बहुतेक संस्थांत निवेदन, स्वागत, रांगोळी आणि वेशभूषा या रकान्यांत बायकांची नावे दाटीने येतात आणि दिग्दर्शन, प्रकाश, ध्वनी, संगीत संयोजन या रकान्यांत विरळ होतात. हा कागद सर्वसाधारण सभेत वाटला की ‘आमच्याकडे भेदभाव नाहीच’ हा वाद आपोआप थांबतो. कोणाचे नाव घेऊन आरोप करू नका, आकडे पुरतात.

मोठ्या पातळीवरही हेच दिसते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला २०२५ च्या दिल्लीच्या ९८व्या संमेलनापर्यंत फक्त ६ स्त्रिया अध्यक्ष लाभल्या. पहिल्या कुसुमावती देशपांडे, १९६१, ग्वाल्हेर. त्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवत. पुढे दुर्गा भागवत १९७५, शांता शेळके १९९६ आणि विजया राजाध्यक्ष २००१. मग तब्बल १८ वर्षे एकही नाही. अध्यक्ष तेव्हा हजारभर मतदारांच्या निवडणुकीतून ठरत. २०१८ मध्ये निवडणूक बंद होऊन एकमताने निवड करायचे ठरले आणि त्या पद्धतीने पहिलीच निवड अरुणा ढेरे यांची झाली, २०१९, यवतमाळ. पण पुढची पाचही संमेलने पुन्हा पुरुषांकडे गेली आणि मग दिल्लीला तारा भवाळकर आल्या. पद्धत बदलली की दार एकदा उघडते. ते उघडे राहायचे तर नियम लेखी हवा. सहकारी संस्थांच्या समितीवर स्त्रियांसाठी २ जागा कायद्यानेच राखीव असतात, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या सांस्कृतिक संस्थांना तशी सक्ती नाही. म्हणून हा नियम तुम्हालाच तुमच्या घटनेत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, लिहून घ्यावा लागेल.

घटनेला हात लावण्याआधी मतदार यादी बघा. खरी गोम इथे असते आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या संस्थांत आजीव सभासदत्व नवऱ्याच्या नावावर असते आणि बायको ‘कुटुंब सभासद’ म्हणून वीस वर्षे राबते. मतदानाचा दिवस आला की कळते, तिला मत नाही, मग उमेदवारी कुठली. तुमच्या दीडशेतल्या किती स्त्रियांना प्रत्यक्ष मताधिकार आहे हे आधी काढा. घटनेत बहुधा ‘निवडणुकीपूर्वी अमुक काळ सभासद असलेल्यालाच मत’ आणि ‘अमुक वर्षे सभासद असलेल्यालाच पदाधिकारी होता येईल’ अशी दोन कलमे असतात. त्यांच्या तारखा मोजून त्याआधी कुटुंब सभासद स्त्रियांना स्वतंत्र सभासदत्व द्या. वर्गणी जड वाटत असेल तर तीन-चार हप्ते करण्याचा ठराव कार्यकारिणीला करता येतो. पावती तिच्याच नावाने फाडा. सभासद नोंदवहीत माहेरचे-सासरचे नाव, पत्ता, सही सगळे आधार कार्डाशी जुळते आहे ना ते तपासा, कारण पुढे कागदपत्रे धर्मादाय कार्यालयात गेली की नावातला फरक हीच पहिली हरकत असते.

आता घटना दुरुस्ती. मागणी मोघम ठेवू नका. ‘महिलांना योग्य प्रतिनिधित्व द्यावे’ या वाक्याचा अर्थ ज्याला जसा हवा तसा लागतो. मसुदा साधारण असा करा: ११ सदस्यांच्या कार्यकारिणीत किमान ४ स्त्रिया असतील, अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष या ४ पदांपैकी किमान २ पदांवर स्त्रिया असतील आणि त्यातले एक सचिव किंवा कोषाध्यक्ष हे पद असेल, कोणत्याही व्यक्तीला एका पदावर सलग दोनपेक्षा जास्त कार्यकाळ राहता येणार नाही, कार्यक्रम समितीत निम्म्या स्त्रिया असतील. ‘महिला प्रतिनिधी’ हे पद रद्द करण्याचे कलमही त्यात घाला. चार का, एक का नको? समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये मांडले होते की गटात एका बाजूचे लोक १५ टक्क्यांच्या आत असले की त्यांच्याकडे व्यक्ती म्हणून कोणी बघत नाही, त्या वर्गाचा नमुना म्हणून बघतात. ११ मध्ये १ म्हणजे ९ टक्के. ती बोलली तर ‘बायकांचे मत’ होते, गप्प बसली तर ‘बघा, बोलतच नाही’ होते. चौघी असल्या की त्या एकमेकींशी असहमतही होऊ शकतात, आणि तिथून त्यांची मते मते म्हणून ऐकली जातात. कार्यकाळाची मर्यादा मला राखीव जागांइतकीच महत्त्वाची वाटते. वीस वर्षे तोच सचिव असेल तर त्या खुर्चीपर्यंत स्त्री कशी, तरुण पुरुषही पोचत नाही.

दुरुस्ती मंजूर करताना चुका होतात त्या कागदाच्या. विशेष सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कशी द्यायची हे तुमच्या घटनेत असते: टपालाने, हातोहात सही घेऊन, की वर्तमानपत्रात. घटनेत टपाल लिहिले असेल तर व्हॉट्सअॅपवर टाकलेली नोटीस टिकत नाही. टपालाच्या पावत्या जपा. नोटिशीतच जुने कलम आणि नवे कलम शेजारी-शेजारी छापा. उपस्थितीवर सभेतच सह्या घ्या. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर वेळ आणि उपस्थिती इतिवृत्तात लिहा. घटनेत सांगितलेले बहुमत, मग ते दोन तृतीयांश असो की तीन पंचमांश, मोजून आकड्यात नोंदवा. ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच लिहून कोणी हरकत घेतली तर सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

निवडणुकीनंतर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, ९० दिवसांच्या आत दाखल करावा लागतो. सोबत नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, उपस्थिती, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे, जाणाऱ्यांचे राजीनामे, किंवा मुदत संपल्याची नोंद. या अर्जाला जुन्या गटातल्या कोणी हरकत घेतली की प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळते आणि परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर, जुनीच नावे राहतात. मग बँक म्हणते, परिशिष्टावर नाव आले की सही बदलू. नवी कोषाध्यक्ष निवडून येऊनही सही जुन्यांचीच चालते. हे टाळायचे तर निवडणुकीआधी, सगळे एकत्र असतानाच, खाते संयुक्त सहीचे करून तिसरी स्वाक्षरीदार म्हणून सध्याच्या विश्वस्तांतली स्त्री जोडून घ्या. तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन चालतील, असा ठराव आणि तिची केवायसी, एवढेच लागते. इंटरनेट बँकिंगचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो तेही विचारा. हल्ली खरी सही तीच असते.

बैठकीची वेळ हा वरवर किरकोळ वाटणारा मुद्दा किती जणींना बाहेर ठेवतो ते मोजणीच्या कागदावर उपस्थितीसमोर वेळ लिहिली की दिसेल. रात्री साडेआठची बैठक अकराला संपते आणि खरा निर्णय नंतर टपरीवर चहा पिताना होतो. बैठक शनिवारी दुपारी ४ ते ६, विषयपत्रिका ७ दिवस आधी, आणि पत्रिकेबाहेरच्या विषयावर निर्णय नाही, असा ठराव करा. तालमींचेही तेच. राज्य नाट्य स्पर्धेची तयारी म्हटली की रोज ७ ते ११ धरतात. मेट्रोची शेवटची गाडी १० च्या सुमाराला असते, पुढे रेशीमबागेतून मानकापूर किंवा कळमन्याला जाणारी मुलगी कोणाच्या तरी गाडीवर अवलंबून राहते. तालीम साडेसहाला सुरू करून साडेनऊला संपवा. उशिरा येणाऱ्यांचे प्रवेश शेवटी लावा. उशीर झालाच तर सोडायला जाण्याची जबाबदारी आणि रिक्षाचे भाडे संस्थेचे, ते अंदाजपत्रकात वेगळे दाखवा. लहान मुले असलेल्यांसाठी तालमीच्या जागेत एक खोली आणि मोबदला देऊन एक ताई ठेवली तर तिशी-पस्तिशीत नाटक सोडणाऱ्या अर्ध्याअधिक जणी टिकतात, असे माझे ठाम मत आहे.

कलेच्या बाजूला या. संहिता निवडताना पात्रांची यादी काढून प्रत्येक पात्राची संवादांची पाने मोजा. सहा पुरुष आणि एक ‘आई’ अशी संहिता तीन वर्षे लागोपाठ झाली तर अभिनेत्री तयार होत नाहीत आणि त्यातून दिग्दर्शिकाही होत नाहीत. दिग्दर्शकाची निवड ओळखीवर ठेवू नका. एक पानाचा प्रस्ताव, कालावधी आणि खर्चाचा अंदाज मागवा, नाव झाकून तिघांनी वाचायचे आणि त्यात किमान एक स्त्री असायची. पडद्यामागून ऐकून वादक निवडण्याची पाश्चात्त्य वाद्यवृंदांची पद्धत यासाठी नेहमी सांगितली जाते. त्यावरच्या २००० सालच्या प्रसिद्ध अभ्यासाची आकडेमोड पुढे वादात सापडली, त्यामुळे नाव झाकले की सगळे सुटेल असे समजू नका. पण चर्चा माणसावरून प्रस्तावावर येते, एवढा फायदा नक्की आहे.

दिग्दर्शनाकडे जायची वाट रंगमंच व्यवस्थापनातून जाते. मुलीला वेशभूषेच्या पेटीऐवजी प्रॉम्प्टची वही द्या. त्या वहीत डाव्या पानावर संवाद, उजव्या पानावर प्रकाशाचा, ध्वनीचा आणि पडद्याचा प्रत्येक संकेत क्रमांक घालून लिहायचा. एक प्रयोग त्या वहीवर चालवला की तिला अख्खे नाटक आतून कळते. प्रकाशयोजनेसाठी तिला तांत्रिक तालमीच्या दिवशी सभागृहात तीन तास आधी न्या, शिडीवर चढून दिवा लावणे, त्याचा कोन बसवणे, कन्सोलवर, म्हणजे दिवे चालवायच्या पाटीवर, कोणता फेडर (सरकती कळ) कोणत्या दिव्याचा हे लिहून काढणे, हे हाताने करू द्या. ‘शिडी मी धरतो, तू खाली थांब’ हे प्रेमानेच म्हटले जाते, पण त्यामुळे ती पुढची दहा वर्षे खालीच थांबते. ग्रीनरूमला आतून कडी, स्वच्छतागृहात पाणी आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा आहे की नाही हे सभागृह आरक्षित करतानाच बघा आणि नसेल तर व्यवस्थापकाला लेखी द्या.

संगीताच्या बाजूला एक बारीक गोष्ट सांगतो. बहुतेक संस्थांच्या कपाटात तबला एकच असतो, पुरुषांच्या काळी एक-काळी दोन या पट्ट्यांना (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून मोजलेला गाण्याचा मूळ सूर) लागणारा, लहान तोंडाचा. गायिका साधारण काळी चार-काळी पाचला गातात. त्यांना मोठ्या तोंडाचा, सहा इंचांच्या आसपासचा, मंद्र म्हणजे खालच्या स्वराला लागणारा तबला हवा. तो नसला की लहान तबला षड्जाऐवजी मध्यमात (‘सा’ सोडून ‘म’ला) लावून वेळ मारून नेतात, किंवा गायिकेलाच ‘पट्टी थोडी बदला’ म्हणतात. मग तिचा तार षड्ज (वरचा सा) ताणला जातो आणि श्रोते म्हणतात आवाज लागला नाही. एक मोठा तबला घेणे हा एकाच वेळचा खर्च आहे आणि तो अंदाजपत्रकात पहिल्या वर्षी बसवा. मैफलींचे वर्षाचे नियोजन करताना मुख्य कलाकार आणि साथीदार यांचा वेगळा हिशेब ठेवा. गायिका बऱ्याच संस्था बोलावतात, संवादिनी आणि तबल्याला मुली बसवायला कचरतात.

पैशाचे व्यवहार तिच्या नावाने करा. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, किती, हे नाटकात प्रत्येकाला माहीत असते पण लिहिलेले कुठेच नसते, आणि न लिहिलेल्या रकमेत बाईचा आकडा खाली सरकतो. भूमिकेच्या आणि कामाच्या श्रेणीप्रमाणे नाईटचा तक्ता करून भिंतीवर लावा. पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यात, नवऱ्याच्या किंवा पार्टीप्रमुखाच्या हातात नाही. दीक्षाभूमीच्या परिसरात आणि १४ एप्रिलला वस्त्यावस्त्यांत भीमगीते गाणाऱ्या गायिका असोत, की दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्यांतून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर चालणारी नाटके करायला नागपुरातून जाणाऱ्या अभिनेत्री, दोघींनाही आगाऊ रक्कम, मुक्काम, स्वतंत्र खोली, परतीचा प्रवास आणि प्रयोग रद्द झाला तर किती, ही पाच कलमे एका पानावर सही करून मिळायला हवीत. मंडई-शंकरपटाच्या (गावजत्रा आणि बैलांच्या शर्यतींच्या) हंगामात प्रयोग ऐनवेळी रद्द होतात आणि तो तोटा नेहमी सगळ्यात कमजोर हातावर पडतो.

पत्रिकेवर तिचे पूर्ण नाव छापा. ‘सौ. अमुक’ किंवा ‘आणि महिला मंडळ’ एवढे छापून तिच्याकडे कामाचा पुरावा राहत नाही. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत महिन्याला ५,००० रुपये मिळतात, पण अर्जासोबत वर्षानुवर्षांच्या कामाचे कागद जोडावे लागतात. कित्येक जुन्या कलावंत स्त्रियांकडे गाण्याची आठवण आहे, कागद नाही. संस्थेने प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, कात्रण आणि सहभागाचे प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावाने फाईल केले तर हे काम बसल्या जागी होते.

सुरक्षिततेबद्दल हौशी संस्थांचा ठरलेला गैरसमज आहे, आमच्याकडे कोणी नोकर नाही, म्हणून कायदा लागू नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या व्याख्येत विनामोबदला, स्वयंसेवी, शिकाऊ अशा सगळ्या येतात, आणि कामासाठी केलेला प्रवासही कामाच्या ठिकाणात येतो. १० किंवा अधिक माणसे काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, किमान दोन सदस्य आतले, एक बाहेरच्या सामाजिक संस्थेतली व्यक्ती, एकूण निम्म्या तरी स्त्रिया. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. १० पेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द संस्थाप्रमुखाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. तक्रार प्रकार घडल्यापासून ३ महिन्यांत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये चित्रपट निर्मितीच्या प्रत्येक युनिटला अशी समिती बंधनकारक असल्याचे सांगितले, त्यामुळे ‘कला क्षेत्र वेगळे’ हा बचाव उरलेला नाही.

नाट्यसंस्थेत प्रकरण बिघडते ते एका ठरावीक जागी. ज्येष्ठ दिग्दर्शक दोघांना समोर बसवून ‘मिटवून टाका, प्रयोग आठ दिवसांवर आहे’ म्हणतो. कायद्यात समेट आहे, पण तो तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशाच्या मोबदल्यात कधीच नाही. मिटवामिटवी करणाऱ्यालाही हे माहीत असावे म्हणून समितीची नावे, फोन क्रमांक आणि या चार ओळी पहिल्या तालमीलाच वाचून दाखवा आणि तालमीच्या जागेत लावा. तक्रारीनंतर भूमिका तिची काढली जाणार नाही, हेही त्यात लिहा. मुली तक्रार करत नाहीत त्याचे पहिले कारण भूमिका जाण्याची भीती असते.

सभेत तुम्हाला एक वाक्य नक्की ऐकू येईल: ‘आम्ही तर म्हणतो, पण बायकाच पुढे येत नाहीत.’ याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. हजारो बायका आल्या, घटस्फोटाच्या हक्कापासून गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या रजेपर्यंत ठराव त्यांनी मांडले आणि मंजूर केले. पुढे न येण्याचे कारण बहुतेक वेळा पद घेतल्यावर काय करायचे हे कोणी न सांगण्यात असते. म्हणून निवडणुकीच्या आधीचे सहा महिने इच्छुक स्त्रियांना सहसचिव आणि सहकोषाध्यक्ष नेमा आणि त्यांच्याकडून प्रत्यक्ष तीन कामे करून घ्या: एक इतिवृत्त, एका कार्यक्रमाचा पूर्ण हिशेब लेखापरीक्षकाकडे देणे, आणि एक अनुदान अर्ज, मग तो सांस्कृतिक कार्य संचालनालयाचा असो की सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडे पाठवायचा कार्यक्रमाचा प्रस्ताव.

निवडणूक झाली की १५ दिवसांत लेखी हस्तांतरण करा. यादीत हे असू द्या: नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत, परिशिष्टाचा उतारा, घटना, इतिवृत्त आणि सभासद नोंदवही, पॅन, मागच्या लेखापरीक्षण अहवालांच्या प्रती, चेकबुक, ईमेल आणि समाजमाध्यमांचे पासवर्ड, सभागृहांच्या अनामत रकमेच्या पावत्या, वाद्यांची यादी आणि कपाटाच्या सगळ्या किल्ल्या. दोन्ही बाजूंच्या सह्या, दोन साक्षीदार, एक प्रत कार्यालयात. पासवर्ड त्याच दिवशी नव्या सचिवाच्या समोर बदला.